मामाने सोडायची झावळी

पिरुना, १२ मार्च २००६

कोनराड,

तू धडधाकट आहेस असं धरून लिहिते. नाताळचं तुझं कार्ड फेब्रुवारी संपता संपता पोहोचलं. त्यावर बर्फ आहे आणि टोपडं घातलेलं हरीण आहे. तुमच्या क्वीन्सलँडला नाताळात घामाच्या धारा लागतात असं तूच एकदा लिहिलं होतंस, मग हे बर्फ कोणासाठी? तरी मी ते दाराशी लावलंय. येणारा-जाणारा विचारतो, "लुडविना, भावाने बकरी पाळली की काय?" मी हो म्हणते.

इकडे आता दोनच धंदे आहेत, कोको आणि भंगार. खाणीचे ते अवाढव्य ट्रक आठवतात? त्यांच्या चाकाशी उभं राहून आपण फोटो काढला होता, तुझी तिथे नोकरी लागली त्या दिवशी. ते ट्रक आता कापतात. खाणीवरून पेटलेल्या लढाईत ज्या पोरांच्या हातात बंदुका होत्या त्यांच्या हातात आता गॅसकटर आहेत, आणि चालवतातही तितक्याच हौसेने. तुकडे धक्क्यावर जातात, जहाज येतं, घेऊन जातं. पूर्वी आपला डोंगर जहाजात भरून जायचा, आता डोंगर खणणारी यंत्रं निघाली. आम्ही आहोत तिथेच आहोत.

आम्ही बायकांनी मात्र कोको धरलाय. जमीन आमची, झाडं आमची, लढाईत बेटाची नाकेबंदी झाली तेव्हा जंगल माजलं होतं, ते आम्हीच साफ केलं. पण भट्टी नसल्यामुळे ओल्या बिया वरच्या वाडीतल्या भट्टीवाल्याला द्याव्या लागतात. तो आंबवतो, वाळवतो, पोत्यावर स्वतःचं नाव घालतो आणि आमच्याकडे बघून असा हसतो की जणू कोको त्यानेच शोधला. आपली भट्टी बांधायची तर लाकूड आहे, माणसं आहेत. नाही ती जाड लोखंडी नळी, जी भट्टीच्या पोटातून जाते आणि जिच्यातून जाळाची धग फिरते.

तशी नळी आख्ख्या पिरुनात एकाच ठिकाणी आहे. ओढ्यावर, माझ्या तार्सिसने बसवलेल्या पाणचक्कीला. परवा आपल्या फिलोमिनाचा एवाल्ड आला आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "मावशी, ती नळी नुसती गंजतेय गं." मी म्हटलं, "गंजू दे. तिथे झावळी बांधलेली आहे, दिसत नाही? ती सुटेपर्यंत त्याच्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही." तो म्हणाला, "झावळी बांधून किती वर्षं झाली!" मी म्हटलं, "बांधणं माझं काम होतं, ते मी केलं. सोडायचं काम मामाचं. त्याने स्वतःच्या हाताने सोडायची, डुक्कर कापायचं, आणि सगळ्यांच्या आधी त्याने रडायचं. मग आईची पाळी. तू कालचा पोर मला शिकवतोस?" पोरगा वाईट नाही. आई लवकर गेली त्याची, म्हणून मीच कान पिळते.

लढायला गेलेल्या तार्सिसची नवीन काही खबर नाही. बाकी ठीक. गुडघा दुखतो.

तुझी ताई,
लुडविना

ग्लॅडस्टन, ७ मे २००६

ताई,

पत्र वाचून नोरीनला ते बकरीचं सांगितलं, ती अजून हसतेय. मुलगी पण हसली, पण तिला मध्येच थांबून सगळं समजावून सांगावं लागलं.

मला तुझ्या भट्टीने झपाटलंय. वर्कशॉपमध्ये दिवसभर दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करतो, संध्याकाळी तुझी भट्टी काढत बसतो. सोबत आराखडा पाठवतोय. नळी अशी वळवायची की धूर बियांना लागता कामा नये. धूर लागला की बियांना हॅमसारखा वास येतो आणि चॉकलेटवाले नाक मुरडतात. इथे मी एका माणसाशी बोललो, तो म्हणाला की आपल्या बेटावरचा कोको चांगला आहे, फक्त धुराने मार खातो. ताई, ही वेळ आहे. खाण काही पुन्हा चालू होत नाही, आणि भंगार कापून संपेल. कापायचं ते संपल्यावर ती पोरं काय करणार? बागा टिकतील. ज्याच्याकडे भट्टी असेल तोच पुढे जाईल.

पाणचक्कीची नळी आतून कितपत गंजलीय ते कळव. तार्सिसने ती बसवली तेव्हा तू लिहिलं होतंस की दवाखान्याच्या खोपटात दिवा लागला आणि बाळंतिणी मुद्दाम संध्याकाळची वाट बघायला लागल्या. मी ते पत्र इथे सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. माझा भाचा आहे, असं सांगत होतो.

यायचं मनात फार आहे. या वर्षी कंत्राट मोठं आहे, सुट्टी मिळणं कठीण. पुढच्या वर्षी नक्की बघतो. गुडघ्याला खोबरेल चोळतेस ना?

तुझा,
कोनराड

पिरुना, १६ जुलै २००६

कोनराड,

आराखडा पोहोचला. एवाल्डने तो भिंतीवर लावला, बर्फाच्या हरणाशेजारी. सगळ्या बायका येऊन बघून गेल्या. म्हातारी सबिना म्हणाली, "कोनराडचा हात लहानपणापासूनच सरळ रेघ ओढणारा." आणि वर म्हणाली, "पाय मात्र वाकडे, घराकडे वळत नाहीत." मी तिला रताळं दिलं, तोंड बंद राहावं म्हणून.

नळी आतून कशी आहे ते मी कशी सांगणार? झावळीच्या आत मी पाऊल टाकत नाही. बाहेरून दिसते ती चांगली दिसते.

भंगारवाल्याचा माणूस आला होता. इस्त्रीचा शर्ट, पायात चकचकीत बूट, चिखलात निम्मे रुतलेले. "आई, ओढ्यावरचं यंत्र विकायचं का?" मी विचारलं, "तुमच्याकडे मेलेल्यांच्या वस्तू विकतात का?" तो म्हणाला, "विकतात की." मी म्हटलं, "मग तिकडेच विकत घ्या." एवाल्डचं तोंड उतरलं. त्याला भंगार नकोय, भट्टी हवीय, हे मला कळतं. पोराने तुझा आराखडा पाठ केलाय. पण घाई कशाला? इतकी वर्षं ओल्या बिया विकल्या, अजून एक वर्ष विकू. मधल्या काळात मी दोन डुकरं पाळायला धरलीत. फार गोजिरवाणी झालीत, त्यातलं एक माझ्या मागून चर्चपर्यंत येतं. धाकट्या घराचं छप्परही शाकारून घेतलं, खिडकीपाशी नवी चटई टाकली. तिथे वारा चांगला लागतो. तुला वारा लागायचा ना निजताना?

एक विचारू? तू घाबरतोस का इथल्या लोकांना? आम्ही मरत होतो तेव्हा तू कुठे होतास, असं कोणी विचारेल म्हणून? विचारतील, कोनराड. एकदा विचारतील. मग सुपारी पुढे करतील, चुना देतील, आणि विषय संपेल. ज्यांनी एकमेकांचे भाऊ मारले त्यांनी इथे बाण मोडून एका पानातली सुपारी खाल्ली. तू तर नुसता बोटीत बसून गेलास.

ताई

ग्लॅडस्टन, १० सप्टेंबर २००६

ताई,

हे पत्र लिहायला मला बरेच दिवस लागले. नीट वाच आणि रागावू नकोस.

तू ज्या आडवळणाने लिहितेस ते मला आता कळायला लागलंय. नळी चांगली आहे लिहितेस, मग घाई नाही लिहितेस. भंगारवाल्याला हाकलतेस. तुझं मन भट्टीत आहे आणि पाय झावळीशी अडकलाय, आणि तो सोडवायला तुला माझा शब्द हवाय, पण मागवत नाही. मोठी बहीण आहेस, मागणार नाहीस, ते मी समजू शकतो. म्हणून न मागता देतो.

तार्सिस येणार नाही, ताई. लढाई संपून इतकी वर्षं झाली. जे यायचे ते आले. झावळी बांधलेली आहे तोवर तो कुठेतरी आहे असं तुला वाटत राहणार, आणि तू त्या ओढ्याकडे बघत म्हातारी होणार. मला ते बघवत नाही. त्या पोराने अंधारात दिवा लावला होता. त्याची नळी बायकांच्या भट्टीत गेली तर त्याच्या हातचं काम पुन्हा चालू झालं, असं मी समजेन. तूही समज.

मी त्याचा मामा. मी झावळी सोडली असं या पत्राने सांगतो. नाकेबंदीत मामा नाक्याच्या पलीकडे अडकलेले असायचे तेव्हा त्यांचा तोंडी निरोपही चालायचा, तूच लिहिलं होतंस. हा तर लेखी आहे. तुझ्यावर ओझं पडू नये म्हणून असंच पत्र एवाल्डलाही वेगळं पाठवलंय. काम त्यालाच करू दे, तू बघू नकोस.

डुकरं कापा, माझा वाटा सबिनाला द्या. तिचं तोंड बंद राहील.

तुझा,
कोनराड

पिरुना, १९ नोव्हेंबर २००६

कोनराडमामा,

मी एवाल्ड. तुमचं पत्र मिळालं. मी ते वडीलधाऱ्यांसमोर वाचलं. दोघे-तिघे म्हणाले की लढाईतली गोष्ट वेगळी, तेव्हा मामा येऊ शकत नव्हते म्हणून निरोप चालायचा. बाकीचे म्हणाले की हे मामाही येऊ शकत नसतील. मग सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. मावशी म्हणाली, "मामाचा शब्द आहे. मी कोण मध्ये बोलणारी?"

झावळी इतकी वाळली होती की हात लावताच भुगा झाला. नळी आम्ही कटर न लावता खोलली, तार्सिसदादाने बोल्टना ग्रीस लावून ठेवलं होतं, अजून ओलं होतं. आतून नळी नवी असल्यासारखी आहे, मामा. चक्की आणि जनरेटर तसंच ठेवायचं माझ्या मनात होतं, पण एकदा मोकळं झाल्यावर पोरं कोणाचं ऐकतात? एका रविवारी मी चर्चमध्ये असताना भंगारवाल्याची माणसं येऊन घेऊन गेली. त्याबद्दल मावशी मला काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

भट्टी मात्र तुमच्या आराखड्याप्रमाणे उभी राहिली. पहिल्या बिया मागच्या आठवड्यात वाळल्या. धुराचा वास अजिबात नाही. खरेदीदार पोत्यात नाक घालून उभा राहिला आणि म्हणाला, या बायकांचा माल मी वेगळा ठेवणार. पोत्यावर पिरुनाचं नाव आहे. सगळ्या बायका नाचल्या.

मावशी रडली नाही. सगळे सांगतात तिला, की आता रडून घे, आता चालतं. ती रोज ओढ्यावर जाते, आता आतपर्यंत जाते, आणि जिथे चक्की होती तिथे पाण्यात पाय सोडून बसते. म्हणून मीच लिहितोय. तिने लिहिलं का तुम्हाला?

तुमचा भाचा,
एवाल्ड

ग्लॅडस्टन, २१ जानेवारी २००७

ताई,

एवाल्डचं पत्र आलं. तुझं आलं नाही. मी आधीही दोनदा लिहिलं, त्यांचंही उत्तर नाही.

त्याने लिहिलंय की तू रडली नाहीस. ते वाचून मी वर्कशॉपच्या मागे जाऊन बसलो. मामा आधी रडतो, मग आई. मला हे माहीत होतं, ताई. लहान असताना आपल्या मामाला रडताना बघून मी घाबरलो होतो आणि तू माझा हात धरला होतास. मला माहीत होतं आणि तरी मी ते पत्रातून उरकलं, जणू एखाद्या यंत्राचा भाग पोस्टाने पाठवावा तसं.

तिथे बसून मी तार्सिससाठी रडलो. खूप रडलो. फोरमन म्हणाला घरी जा. पण इथे रडून काय उपयोग, तुला ऐकू येणार थोडंच.

मी तिकीट काढलंय. जूनमध्ये येतोय. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. डुकरं कापली नसतील तर थांबव. मी येऊन कापतो, मी येऊन बसतो, जे जे माझं आहे ते सगळं करतो. तू फक्त थांब.

कोनराड

पिरुना, १८ मार्च २००७

कोनराड,

तुझं तिकिटाचं पत्र आलं. बुकाहून टपाल आणणारा ट्रक पुलाशी अडकला होता, त्यामुळे ते उशिरा आलं. तार्सिसच्या नावाचं जेवण होऊन आठवडा झाला होता.

थांबता येत नव्हतं. झावळी सुटली की गेलेल्याला ताटकळत ठेवत नाहीत, पुढच्या बहारापर्यंत जेवण व्हावंच लागतं. मी जमेल तितकं लांबवलं. डुकराला ताप आहे म्हणाले, गुडघा दुखतो म्हणाले. सबिनाला कळत होतं, ती काही बोलली नाही. मग बहार आला, झाडांना बोंडं धरली, आणि माझी कारणं संपली.

आता तू जे लिहिलंस त्याचं उत्तर देते. तार्सिस गेला हे मला तू सांगायला नको होतंस. लढाई थांबली त्याच वर्षी त्याच्या बरोबरचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. दलदलीत कुठे, कसा, सगळं सांगून गेला. मी त्याला जेवू घातलं. तेव्हापासून मला माहीत आहे. मी त्या ओढ्याकडे बघून त्याची वाट बघत नव्हते रे. तुझी बघत होते.

आपल्यात मामाला बोलावणं धाडत नाहीत. बोलावून आलेला मामा काय कामाचा, असं म्हणतात. त्याने स्वतःहून यायचं असतं. माझ्याजवळ असं एकच काम उरलं होतं जे तुझ्याशिवाय होणार नव्हतं. भट्टी होईल, कोको विकला जाईल, छप्पर शाकारलं जाईल, पण ती झावळी तुझ्याशिवाय सुटणार नाही, म्हणून तू कधीतरी येशील. मुलगा गेला, फिलोमिना गेली, तेवढी एक दोरी मी धरून ठेवली होती. नळीचं लिहिलं तेही त्यासाठीच. मला वाटलं, नळीच्या निमित्ताने तरी येईल. तुला वाटलं मला नळी हवीय. चूक तुझी एकट्याची नाही. मी सरळ लिहायला हवं होतं, पण सरळ लिहिलं असतं तर ते बोलावणं झालं असतं.

जेवणाला आख्खी पंचक्रोशी होती. बांबूचे पावे वाजले. मामाच्या जागेवर कोणीतरी बसायला हवं होतं, जागा रिकामी ठेवून डुक्कर कापत नाहीत. एवाल्ड बसला. त्याला बसायचं नव्हतं, म्हणाला, "मावशी, ही कोनराडमामाची जागा आहे." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. मग तो रडला. आधी लाजत रडला आणि मग खरंच रडला, त्यालाही तार्सिसने खांद्यावर बसवून फिरवलं होतं. मग मी रडले. किती रडले ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळेल. बरं वाटलं, कोनराड. इतक्या वर्षांनी छाती हलकी झाली. तू तिकडे वर्कशॉपच्या मागे रडलास ते वाचून पुन्हा एकदा रडले, ते मात्र तुझ्यासाठी.

त्या जागेवर जो बसतो तोच पुढे घराचा मामा, हे तुला माहीत आहे. जमिनीचं कोणी विचारायला आलं की आता एवाल्ड बोलतो. गेल्या आठवड्यात कोकोच्या कंपनीची माणसं आली होती, तो बोलला, मी मागे बसून ऐकलं. चांगला बोलला. हे परत फिरवता येत नाही, आणि फिरवावं असं मला वाटतही नाही. पोराने काही हिसकावून घेतलेलं नाही.

भट्टी उत्तम चालते. पुढच्या महिन्यात दुसरी बांधतोय, तुझाच आराखडा.

जूनमध्ये नक्की ये. नोरीनला आणि मुलीला घेऊन ये. धाकट्या घरात आता बियांची पोती असतात, वारा लागतो म्हणून. तुमची सोय चर्चपाशी केलीय, तिथे नवीन पाहुणेघर बांधलंय. बोट किती वाजता लागते ते आधी कळव, म्हणजे एवाल्ड धक्क्यावर घ्यायला येईल. पाहुण्याला घ्यायला जायची आपल्याकडे रीत आहे.

तुझी,
लुडविना